‘उतार’ : उथळ पाण्याच्या एका शब्दाचा इतिहास

पदव्युत्तर वर्गात अठराव्या शतकातील पत्रे वाचावयास घेतली म्हणजे एक अडखळ हटकून येते. पत्रलेखक एखाद्या नदीचा उल्लेख करतो, तिला अद्याप उतार नाही असे कळवितो, आणि विद्यार्थी त्याचा अर्थ नदीच्या पात्राला ढाळ नाही असा लावतो. अर्थ लावणाऱ्याला दोष देता येत नाही. आजच्या मराठीत ‘उतार’ म्हणजे ढाळच. परंतु पत्रलेखकाला सांगावयाचे असते ते निराळे. नदी पायी किंवा घोड्यावरून ओलांडता येईल इतके उथळ पाणी कोठेही सापडत नाही, हे त्याचे सांगणे. पहिल्या अर्थाने ते वाक्य भूगोलातील एक निरुपयोगी टिपण ठरते. दुसऱ्या अर्थाने त्यात फौज अडून पडली आहे, दाणावैरण संपत आली आहे आणि शत्रू पैलतीरी निर्धास्त आहे, एवढे सगळे आलेले असते.

ही चूक प्रस्तुत लेखकाच्या हातूनही झालेली आहे, आणि ती दुरुस्त करणारा कोणी प्राध्यापक नव्हता. बोलीतील शब्द गोळा करीत भंडाऱ्याच्या खालच्या अंगास वैनगंगेच्या काठाने हिंडत असता एका वृद्ध ढीवराला मी विचारले, “इथे नदीला उतार कसा काय आहे?” माझ्या मनात पात्राचा ढाळ होता. म्हाताऱ्याने क्षणभर माझ्या बुटांकडे पाहिले आणि म्हटले, “आता कायचा उतार जी! धरनाचं पानी हाये.” त्याने माझा प्रश्न जुन्या मराठीत ऐकला होता. हा लेख त्या उत्तराचा विस्तार आहे.

प्रथम व्युत्पत्तीचा विचार करू. ‘उतरणे’ हे क्रियापद संस्कृत ‘उत्तरति’, प्राकृत ‘उत्तरइ’ यांच्यापासून आले, याविषयी मतभेद नाही. अडचण अर्थाची आहे. ‘उत्’ हा उपसर्ग वर जाण्याचा वाचक. ‘तॄ’ हा धातू तरून जाण्याचा. ‘उत्तरति’ म्हणजे पाण्यातून वर येतो, पार होतो. मग मराठीत उतरणे म्हणजे खाली येणे कसे झाले? खाली येण्यासाठी संस्कृतात ‘अवतरति’ हे स्वतंत्र रूप होते, आणि ‘अवतार’ या शब्दातून ते आपल्याला चांगले परिचित आहे. वर येण्याचा शब्द खाली येण्यासाठी वापरला जावा, हे वरवर पाहता विपरीत वाटते.

या विपरीताचा उलगडा नदीकाठी होतो. पाण्यातून पैलतीरी येणारा मनुष्य प्रवाहाच्या दृष्टीने वर येतो, पण तो नावेतून आला असेल तर नावेच्या काठावरून जमिनीवर खाली पाय ठेवतो. पार होणे आणि वाहनावरून खाली येणे या दोन क्रिया त्या एका पावलात एकत्र झालेल्या असतात. नावेवरून उतरणे, मग घोड्यावरून, मग माडीवरून, मग डोंगरावरून, असा हा शब्द हळूहळू पाण्यापासून दूर गेला आणि ‘उत्’ उपसर्गाची आठवण कोणाला राहिली नाही. हिंदी ‘उतरना’ आणि गुजराती ‘ऊतरवुं’ यांचीही हीच वाट आहे. तथापि मूळ अर्थ पुरता पुसला गेला नाही. ‘नदी उतरून जाणे’ हा प्रयोग जुन्या मराठीत सर्रास आढळतो, आणि तेथे उतरणे म्हणजे ओलांडणे हाच अर्थ आहे.

‘उतार’ हे नाम या क्रियापदापासून आले, परंतु त्यात एक मौज आहे. नदीच्या संबंधात उतरणारे दोघे असतात. मनुष्य नदी उतरतो, आणि नदीचे पाणीही उतरते. पूर ओसरून पाणी उतरले म्हणजे मनुष्याला उतरता येते. नदीस उतार पडला, असे कोणी लिहिले तर पाणी कमी झाले हे सांगितले की वाट मोकळी झाली हे सांगितले, असा प्रश्न व्याकरणदृष्ट्या विचारता येईल. लिहिणाऱ्याच्या मनात तो प्रश्नच नसतो. दोन्ही घटना त्याच्या लेखी एकच होत. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) ‘उतार’ या शब्दाखाली ओसर, ढाळ, नदी उतरण्याची जागा, विषावरील उतारा असे अर्थ जवळजवळ बसलेले दिसतात. ते चार शब्द एका नोंदीत कोंबलेले नाहीत. एका नदीकाठी उभे राहिले तर ते एकामागून एक सुचतात. तापाला उतार पडतो तोही पुराच्याच रूपकाने. रोगी पुरात सापडलेला असतो, आणि ताप उतरला की तो काठाला लागतो.

‘पायउतार’ या शब्दाची गत तर अधिक बोलकी आहे. आज वर्तमानपत्रात मंत्री पायउतार होतात. पूर्वी नदी पायउतार होत असे, म्हणजे पायी उतरून जाण्याजोगी होत असे. स्वार घोड्यावरून पायउतार होई, हा त्याच्याच शेजारचा अर्थ. पदावरून उतरणाऱ्या मंत्र्याला तो अर्थ घोड्याकडून मिळाला, नदीकडून नव्हे, हे खरे. पण नदीचा अर्थ आता कोणाला माहीत नाही, हेही तितकेच खरे.

उथळ पाण्याला मराठीत दुसरा शब्द अर्थात ‘उथळ’ हाच. तो ‘उत्’ आणि ‘स्थल’ यांपासून आला. प्राकृत ‘उत्थल’ म्हणजे उंचावलेली जमीन. येथे ‘उत्’ आपल्या मूळ अर्थाने, वर याच अर्थाने, टिकून आहे. पाण्याखालची जमीन जेथे वर आली आहे ती जागा उथळ. दोन शब्दांतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘उथळ’ म्हणताना बोलणारा काठावर उभा राहून तळाकडे पाहतो. ‘उतार’ म्हणताना त्याला पलीकडे जावयाचे असते. पहिला शब्द पाहणाऱ्याचा, दुसरा जाणाऱ्याचा. ताट उथळ असते, विहीर उथळ असते. त्यांना उतार नसतो, कारण त्यांतून कोणाला कोठे जावयाचे नसते.

उथळपणाची निंदा भाषेला फार जुन्या काळापासून प्रिय आहे. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. उलट खोलीचा गौरव इतका, की उथळ पाण्याचे काही चांगले जुने शब्द त्यापायी नाहीसे झाले. ऋग्वेदात ‘गाध’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ पाय टेकण्याजोगे पाणी, उतार. सातव्या मंडलात, दाशराज्ञ युद्धाच्या सूक्तात, इंद्राने सुदासासाठी विस्तारलेली पाणी ‘गाध’ केली, सुखाने पार होण्याजोगी केली, असे वसिष्ठकुळातील कवी सांगतो. तिसऱ्या मंडलात विश्वामित्र विपाश् आणि शुतुद्री या नद्यांना खाली वाकण्याची विनंती करतो, ती याच कारणासाठी. म्हणजे आपल्या सर्वांत जुन्या वाङ्मयात उथळ पाणी हे देवाजवळ मागण्याचे दान आहे. मराठीत मात्र ‘गाध’ उरला नाही, ‘अगाध’ उरला. ‘थांग’ची तीच कथा. संस्कृत कोशांत ‘अस्ताघ’ म्हणजे खोल, प्राकृतात ‘थाह’ आणि ‘अत्थाह’. मराठीत ‘अथांग’ सागरापासून करुणेपर्यंत सर्वांना लागतो, आणि ‘थांग’ बिचारा ‘थांग लागणे’ या वाक्प्रचारात, तोही बहुधा नकारार्थी, तग धरून आहे. ज्याचा तळ लागत नाही ते भाषेने जपले. ज्याचा लागतो ते टाकून दिले.

या प्रवृत्तीला दोन मोठे अपवाद आहेत. एक ‘उतार’, दुसरा ‘तीर्थ’. ‘तीर्थ’ हाही ‘तॄ’ धातूचाच, आणि त्याचा मूळ अर्थ नदी ओलांडण्याची किंवा पाण्यात उतरण्याची जागा. ‘अवतार’ या शब्दालाही संस्कृत कोशकार ‘तीर्थ’ असा एक अर्थ देतात. जेथे वाटा पाण्यापाशी येऊन मिळतात तेथे माणसे थांबतात, स्नान करतात, देऊळ बांधतात. मागाहून वाट विसरली जाते आणि देऊळ राहते. तीर्थंकर हा शब्द उच्चारताना उतार तयार करून देणारा हा अर्थ आता फारसा कोणाच्या मनात येत नसेल. युरोपातही उताराने गावांना नावे दिली आहेत. ऑक्सफर्ड हा बैलांचा उतार, फ्रँकफुर्ट हा फ्रँक लोकांचा. पण तेथे त्या शब्दाला देवत्व आले नाही, आपल्याकडे आले. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायेला नदीचे रूपक देऊन ज्ञानदेवांनी ती किती प्रकारांनी तरता येत नाही हे विस्ताराने सांगितले आहे, आणि शेवटी अनन्य भक्ताला ते पाणी ऐलतीरावरच संपलेले आढळते असे म्हटले आहे. अध्यात्मातील हा सर्वांत सोपा उतार म्हणावा लागेल.

आता शब्दाकडून इतिहासाकडे वळू. मराठ्यांच्या लष्करी वर्षाची आखणीच मुळी या शब्दाभोवती झालेली होती. पावसाळ्यात फौजा छावणीला राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत. त्याचे धार्मिक कारण सर्वांना ठाऊक आहे. व्यावहारिक कारण असे, की आश्विनात नद्यांना उतार पडू लागतो. मुलूखगिरीचा मोसम हा प्रत्यक्षात उतारांचा मोसम होता, आणि ज्याला तो मोसम चुकला त्याचे गणित चुकले.

पानिपतच्या मोहिमेत ते चुकले. १७६० च्या मार्चमध्ये दक्षिणेतून निघालेले सदाशिवरावभाऊ उत्तरेत पोहोचले तेव्हा पावसाळा लागला होता. अब्दाली यमुनेच्या पलीकडे अंतर्वेदीत, मराठे अलीकडे. यमुनेवर नावांचा पूल बांधावा, नावा जमवाव्या, म्हणून गोविंदपंत बुंदेल्यांकडे तगादे गेले. १८९८ मध्ये राजवाड्यांनी साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केल्यापासून हा पत्रव्यवहार अभ्यासकांपुढे आहे. पूल झाला नाही, उतारही मिळाला नाही. भाऊंनी दिल्ली घेतली, १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला, तेथेच दसरा केला. आणि मग जे घडले त्यात एक क्रूर विनोद आहे. ज्या मोसमाची मराठ्यांनी तीन महिने वाट पाहिली, तो मोसम पहिल्याने अब्दालीच्या उपयोगी पडला. २५ ऑक्टोबरच्या सुमारास बागपतजवळ त्याने यमुनेत उतार शोधून काढला आणि फौज अलीकडे आणली. काशिराजाच्या फारसी वृत्तांतावरून तो उतार अरुंद होता आणि दोन्ही अंगांस पाणी खोल होते असे दिसते; पुष्कळ माणसे वाहून गेली. पण फौज आली, आणि मराठ्यांची दक्षिणेकडील वाट तुटली. १४ जानेवारी १७६१ च्या दिवसाचे विवेचन येथे करण्याचे कारण नाही. बागपतच्या उताराची खबर वेळेवर न मिळणे ही त्या दिवसाची पूर्वतयारी होती, एवढे म्हटले म्हणजे पुरे.

याच्या उलट उदाहरण अडीच वर्षांनी घडले, आणि त्यात नागपूरकर भोसल्यांचा हात होता. १७६३ च्या उन्हाळ्यात निजामअलीने जानोजी भोसल्याला जोडीला घेऊन पुणे लुटले व जाळले. पुढे पेशव्यांनी मुलखाच्या वचनावर जानोजीला फोडले. १० ऑगस्टला राक्षसभुवन येथे गोदावरी दुथडी वाहत होती. निजामअली काही फौजेनिशी नदी उतरून पैलतीरी गेलेला, दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे अडकलेला, आणि जानोजी ऐन वेळी बाजूला झालेला. पेशव्यांची फौज तुटून पडली. विठ्ठल सुंदर मारला गेला. धनी पलीकडून पाहत राहिला. नदीला उतार नसणे हे पानिपतच्या वर्षी मराठ्यांच्या मुळावर आले होते. येथे ते त्यांचा सर्वांत खंबीर साथीदार झाले. जानोजीपेक्षा तर निश्चितच खंबीर.

परंतु उतार या शब्दाचा अर्थ ज्याने पुरता दाखवून दिला असा प्रसंग निराळाच आहे, आणि त्यातील पराभूत पक्षात पुन्हा नागपूर आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले (दुसरे) यांच्या फौजा भोकरदनच्या बाजूस खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात उतरल्या होत्या. दक्षिणेकडून येणाऱ्या वेलस्लीपुढे खेळणेचे पात्र होते. समोरून नदी ओलांडावी तर मराठ्यांच्या तोफखान्याच्या तोंडी जावे लागणार. खाली डाव्या बगलेवर उतार असेल तर गोष्ट वेगळी. पण त्याच्या वाटाड्यांनी खालच्या बाजूस उतार नाही असे निक्षून सांगितले.

वेलस्लीने वाटाड्यांचे ऐकले नाही. त्याने पुढे जाऊन पाहिले तेव्हा नदीच्या अलीकडे पिंपळगाव आणि पलीकडे वरूड अशी दोन गावे समोरासमोर दिसली. दोन गावे एकमेकांच्या इतकी जवळ, मध्ये केवळ नदी. त्यांच्यात जाण्यायेण्याची वाट नाही हे शक्य नाही, असा त्याने तर्क केला. माणसे पाठविली, उतार निघाला, फौज त्यावरून पलीकडे गेली आणि बगलेवर येऊन उभी राहिली. उताराची जागा लक्षात येताच तिच्यावर तोफांचा मारा झाला. पाणी ओलांडत असता सेनापतीच्या जवळच्या स्वाराचे मस्तक गोळ्याने उडाले. असईची लढाई इंग्रजांना अत्यंत महाग पडली, मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांवर. तरी ती त्यांनी जिंकली. वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, नेपोलियनला हरविले, पण म्हातारपणी आपल्या आयुष्यातील या तर्काची गोष्ट तो सांगत असे.

चरित्रकार ही गोष्ट सेनापतीच्या प्रतिभेचा दाखला म्हणून सांगतात. मला ती शब्दार्थाच्या दृष्टीने महत्त्वाची वाटते. वेलस्लीला मराठी शब्द ठाऊक असो वा नसो, त्याने उताराची व्याख्या बिनचूक केली. उतार हा नदीचा गुणधर्म नव्हे. तो दोन गावांमधला संबंध आहे. तळाची वाळू, खडक, पाण्याची कंबरेइतकी किंवा मांडीइतकी खोली, हे सर्व जमेस धरूनही जोपर्यंत दोन्ही काठांवर माणसे नाहीत, बाजाराला जावयाचे नाही, मुली दिलेल्या-घेतलेल्या नाहीत, तोपर्यंत तेथे असते ते केवळ उथळ पाणी. महाराष्ट्रात नदीच्या दोन काठांवर एकाच नावाची खुर्द आणि बुद्रुक अशी जोडगावे पुष्कळदा आढळतात. त्यांच्यामध्ये जुना उतार शोधावा, तो बहुधा सापडतो.

दुसरी एक गोष्ट या प्रसंगात दडलेली आहे. शिंदे-भोसल्यांच्या छावणीत उताराचे भान अगदीच नसेल असे नाही. पण त्यावर पहारा नव्हता. ज्या फौजांच्या भाषेत हा शब्द दररोज उच्चारला जात होता, त्या फौजा त्याच शब्दावर हरल्या. पुढे अडगाव, मग गाविलगड, आणि १७ डिसेंबर १८०३ चा देवगावचा तह. रघुजींचा कटक प्रांत गेला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. वर्धा ही सरहद्द ठरली. उन्हाळ्यात जागोजागी पायउतार होणारी नदी राजकीय सीमा म्हणून काय कामाची, हा प्रश्न तह करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही. दोन्ही काठांवरच्या गावांनी तो आपल्या परीने सोडविला असणार; सोयरिकी तहाने तुटत नाहीत.

याच वर्धा नदीने पुढे शब्दाचा शेवटही पाहिला. विदर्भातील दोन गावांची नावे शेजारी ठेवली म्हणजे तो सारा पालट डोळ्यांपुढे येतो. वणा नदीवरचे हिंगणघाट हे जुन्या काळाचे नाव. घाट म्हणजे पाण्यात उतरण्याची आणि नदी ओलांडण्याची जागा. (डोंगरातल्या वाटेलाही आपण घाटच म्हणतो, चढउतार आणि नदीउतार यांची सांगड मराठीने एकदा नव्हे, दोनदा घातली आहे.) दुसरे नाव पुलगाव. नागपूरला आगगाडी १८६७ मध्ये आली. तिच्यासाठी वर्धेवर जो पूल बांधला गेला त्याच्या आधाराने वाढलेली वस्ती ती पुलगाव. पहिल्या गावाला नदीने जेथे वाट दिली तेथे नाव मिळाले, दुसऱ्याला जेथे नदीची परवानगी घेण्याची गरज संपली तेथे.

आगगाडीने उतार निरुपयोगी केला, पण जाताना त्याच्या घरातील एक शब्द उचलून नेला. उतारू म्हणजे नावेने पार जाणारा, उतारावर येऊन थांबलेला वाटसरू. आगगाडीच्या डब्यात बसणाऱ्याला मराठीने हाच शब्द दिला. उतारूंच्या गाड्या, उतारूंचे डबे, उतारूंच्या तक्रारी, असे प्रयोग शंभर वर्षे वर्तमानपत्रांत चालले. नदीवरून धडधडत जाणाऱ्या गाडीत, खाली पाणी किती आहे हे न पाहता, उतारू बसलेला आहे. आणि उतार खाली राहिला आहे. पुढे ‘प्रवासी’ या शब्दाने उतारूलाही मागे सारले.

अर्थात पूल सर्वत्र झाले नाहीत. लहान नद्यांवर आणि नाल्यांवर विदर्भात रपटे झाले. रपटा हा पूल आणि उतार यांच्यामधला प्राणी आहे. पाणी कमी असता तो पूल असतो; पाणी चढले की त्याचा उतार होतो, पण माणूस तो पूल समजूनच वाहन घालतो. जुन्या उतारावर जाणारा मनुष्य आधी काठाच्या ढीवराला किंवा भोयाला विचारीत असे, काठीने ठाव घेत असे, बैल बिचकले तर थांबत असे. शब्दातच ती सावधगिरी होती. उतार ‘पडावा’ लागे, तो नेहमी असत नसे. रपटा नेहमी असतो, आणि दर पावसाळ्यात रपट्यावरून माणसे वाहून गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. वर्धेच्या पुराने ३० जुलै १९९१ रोजी मोवाड गाव उद्ध्वस्त केले, दोनशेवर माणसे गेली. तो अनर्थ निराळ्या कोटीतला, उताराशी त्याचा संबंध नाही. पण या नद्या आपल्या ताब्यात आल्या आहेत असे समजणाऱ्याने तो ध्यानात ठेवावा.

शब्द मेल्याने माणसे वाहून जातात असे मला म्हणावयाचे नाही. भाषाशास्त्राने इतका मोठा दावा करू नये. परंतु एखाद्या ज्ञानाला नाव उरले नाही म्हणजे ते ज्ञान पुढच्या पिढीला सांगणे अवघड होते, एवढे निश्चित म्हणता येते. आज उथळ पाण्याविषयी बोलावयास मराठीत ‘उथळ’ हा एकच शब्द चालता आहे, आणि तो निंदेचा आहे: उथळ विचार, उथळ वाचन, उथळ मनुष्य. ही निंदा जुनीच आहे हे वर सांगितले. पूर्वी मात्र तिच्या शेजारी ‘उतार’ उभा होता. तेच पाणी पाहणाऱ्याला क्षुल्लक आणि जाणाऱ्याला मोलाचे असे दोन्ही बाजूंनी बोलता येत होते. आता एकच बाजू राहिली. ऐतिहासिक पत्रांचे संपादन करणाऱ्यांनी ‘उतार’ या शब्दाला प्रत्येक ठिकाणी टीप द्यावी असे मी आग्रहाने म्हणतो, ते यामुळे. हा शब्द अपरिचित असता तर विद्यार्थ्याने कोश उघडला असता. तो परिचित आहे, म्हणूनच फसवितो.

त्या ढीवराकडे परत येतो. वैनगंगेवर गोसीखुर्द येथे धरणाची कोनशिला १९८८ मध्ये बसली. धरणाच्या फुगवट्याचे पाणी आता वर भंडारा-अंभोऱ्यापर्यंत पसरलेले असते. त्या पट्ट्यात पूर्वी उन्हाळ्यात वाळू उघडी पडे, तीत डांगरवाड्या लागत, आणि वाड्यांच्या मधून पायवाटा पलीकडे जात. त्याने मला अशा काही वाटांची नावे सांगितली. एकीचे नाव एका आंब्यावरून, एकीचे एका खडकावरून, एकीचे कोण्या बुडालेल्या गाडीवानावरून पडले होते. आंबा, खडक आणि गाडीवान आता सारखेच पाण्याखाली आहेत. त्याचा नातू शेजारी बसून ऐकत होता. आजोबा ‘उतार’ म्हणत तेव्हा तो नदीकडे न पाहता मागे रस्त्याकडे पाही, हे माझ्या उशिरा लक्षात आले.

अंभोरा हे पाच नद्यांच्या संगमाचे ठिकाण; ‘विवेकसिंधू’कार मुकुंदराजाचे नाव एक परंपरा त्याच्याशी जोडते. म्हणजे तीर्थ या शब्दाचे दोन्ही अर्थ जेथे लागू पडावेत असे ते स्थळ. तेथे आता वैनगंगेवर तारांनी तोललेला भव्य पूल उभा आहे, आणि सुटीच्या दिवशी नागपूरहून माणसे तो पाहावयास जातात. पुलावरून पलीकडे जाताना शेवटी रस्ता खाली येतो. नातवाला मी विचारले, उतार कोठे आहे? त्याने तिकडे बोट दाखविले आणि सांगितले, तिथे गाडी हळू घ्या, उतारावर गिट्टी पसरली आहे.